सातघाटचा दुसरा फेरा

कुठल्याही गोष्टीचा दुसरा भाग आला की माणसं म्हणणार, पहिल्याची सर नाही. सिनेमाला म्हणतात, हॉटेलच्या नव्या शाखेला म्हणतात, धाकट्या सुनेला तर हमखास म्हणतात. रेवा आवटीचं पोट याच वाक्यावर चालत होतं. ‘खेळघर’ या साप्ताहिकासाठी ती सात वर्षं व्हिडिओ गेमच्या नव्या भागांची जुन्यांशी तुलना करत होती. तिचं मत आल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत, असा बऱ्याच खेळाडूंनी कानाला खडा लावला होता. त्यामुळे २०४२च्या फेब्रुवारीत ‘सातघाट : दुसरा फेरा’ आला, तेव्हा संपादकांनी दुसऱ्या कुणाचा विचारही केला नाही.

पहिला ‘सातघाट’ रेवाला तोंडपाठ होता. चौदा वर्षांपूर्वी, म्हणजे तिच्या पंधराव्या वर्षी, सांगलीच्या घरातल्या एकुलत्या एक संगणकावर तिनं तो दोन वर्षं खेळून झिजवला होता. खेळणाऱ्यानं तांड्याचा म्होरक्या व्हायचं, चार सोबती घ्यायचे आणि माल घेऊन सात नद्या ओलांडायच्या. सोबत्यांत एक कोंडाबाई होती, झाडपाल्याची औषधं देणारी म्हातारी. चौथ्या घाटावर पाणी चढायचं आणि कोंडाबाईच्या हातातला दोर सुटायचा. थांबून तिला ओढून काढलं तर निम्मा माल वाहून जायचा. तसंच पुढं गेलं तर माल शाबूत, शिवाय वेळेआधी पोचल्याचं बक्षीस. आणि गंमत म्हणजे सोडून दिलेली कोंडाबाई पाचव्या घाटावर पदर पिळत हजर. म्हणायची, “झालं गेलं गंगेला मिळालं. चला.” खेळ बनवणाऱ्यांनी तिला एकूण बारा वाक्यं लिहून दिली होती, त्यांत रागाचं एकही नव्हतं.

दुसऱ्या भागातली कोंडाबाई मात्र कुणी लिहिलेलीच नव्हती.

हे कसं, ते जरा समजून घ्यायला हवं. पहिला भाग निघाला तेव्हा कंपनीनं दोष शोधण्यासाठी प्रत्येक खेळाडूची नोंद ठेवली होती. कुठलं बटण कधी दाबलं, किती वेळ दाबून ठेवलं, कधी सोडलं, सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. या नोंदी कुणी उघडूनही पाहिल्या नाहीत, पण फेकल्याही नाहीत. पुढं त्यांचं सोनं झालं. नव्या भागात प्रत्येक सोबत्यामागे एक शिकणारं यंत्र होतं आणि त्याला शिकायला तुमचीच जुनी नोंद दिली जाई. तुम्ही काय केलंत यापेक्षा ते करण्याआधी किती घुटमळलात, हे त्या यंत्राला जास्त महत्त्वाचं वाटे. न घुटमळता केलेलं वाईट आणि अर्धा सेकंद थांबून केलेलं वाईट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तर आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं.

खेळ बाजारात यायच्या दोन वर्षं आधीच या शिकण्यातून कंपनीनं एक पानभर कागद काढला आणि त्याचं नाव ठेवलं ‘ठसा’. हेतू करमणुकीचा होता. पण आपल्याकडे करमणूक फार काळ करमणूक राहत नाही. वर्षाच्या आत लग्नाच्या बैठकीत पत्रिकेबरोबर ठसा मागायला सुरुवात झाली. पत्रिकेत मंगळ निघाला तर शांत करता येतो. पंधराव्या वर्षी, कुणी बघत नाही अशा खात्रीनं दाबलेली बटणं कशी शांत करणार? मग नोकरभरतीवाल्यांनीही तेच सुरू केलं.

रेवाला ठसा लागला तो निहार मगदूमसाठी. निहार जयसिंगपूरला बियाणं तपासण्याच्या प्रयोगशाळेत होता. वर्षभर दोघं भेटत होती, एकमेकांना आवडत होती, घरच्यांनाही पसंत होतं. तारीख धरायची एवढंच उरलं होतं, आणि त्याच्या आईनं, पुष्पलताकाकूंनी, फोनवर सहज विचारावं तसं विचारलं, “ठसा तेवढा पाठवून द्या हं. रीत म्हणून.”

रेवानं खात्यातून ठसा काढला आणि जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवला. ऐकायला आई होती, आणि दोन वर्षांनी मोठा भाऊ शिवराज. वडील मुलं लहान असतानाच गेले होते.

“साथ सोडण्याची वृत्ती, ठळक. तेवीस प्रसंग, घुटमळ नाही,” रेवा वाचत होती. मग खालच्या ओळीवर अडखळली. “सोडलेल्यासाठी परत फिरण्याची वृत्ती, ठळक. तेवीस प्रसंग. एकूण स्वभाव, विसंगत. सहवासासाठी सावधगिरी.”

“म्हणजे काय गं?” आईनं विचारलं.

“म्हणजे मी वेडी आहे. सोडतेही आणि परत जाऊन काढतेही.”

आई तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिनं दोन मिनिटांत गणित सोडवलं. “वेडी नाहीस. तुम्ही दोघं खेळत होतात एका खात्यावर. मुलींना चाळीस टक्के सवलत होती, म्हणून खातं तुझ्या नावानं काढलं होतं मी. दोन स्वभाव एका कागदावर आलेत.”

चाळीस टक्के वाचवताना पुढे लेकीच्या लग्नात हा कागद आडवा येईल, हे त्या माउलीला कसं सुचणार? ज्या ज्या घरानं ती सवलत घेतली, त्या बहुतेक घरांत हाच घोटाळा होता. कंपनीनं त्यावर ‘वाटणी’ची सोय ठेवली होती. दोन माणसांची बोटं सारख्या तालात पडत नाहीत, त्यामुळे यंत्र नोंदीचे दोन ढीग वेगळे करू शके, अ आणि ब. पण चौदा वर्षांत बोटं बदलतात. कुठला ढीग कुणाचा, याबाबत यंत्राचं मत कायद्याला पुरेसं नव्हतं. ते दोघांनी मिळून सहीनिशी सांगायचं.

“सोडून जाणारा अ ढीग शिवराजचा,” आईनं निकाल दिला. “लहानपणी कुठं लक्ष होतं त्याचं कशात. ब तुझा.”

शिवराज भाकरी मोडत होता. वर न बघता म्हणाला, “माझाच असंल. कुठं सही करायची ती सांग.”

रेवाला एवढं हलकं वाटलं की तिनं त्याच्या ताटात आपल्या वाटणीचं भरलं वांगं टाकलं. सह्या सोमवारी करायच्या ठरल्या.

तुलनेचा लेख शनिवारी द्यायचा होता, म्हणून शुक्रवारी सकाळीच ती दुसरा फेरा खेळायला बसली. आता प्रवास उलटा होता, सातव्या घाटावरून पहिल्याकडे. चालणं जुन्याच पद्धतीनं बटणांवर, बोलणं मात्र तोंडानं. चित्रं देखणी, पाणी खरं वाटावं असं, संगीत जरा जास्तच. तिनं टिपणं काढली. सातव्या घाटाच्या पायऱ्यांवर कोंडाबाई बसली होती. रेवा दहा पावलं चालून तिच्यापाशी गेली.

कोंडाबाईनं मान वर केली. “आज तू आलीस व्हय? त्यो न्हाई आला?”

“कोण तो?”

“सकाळचा. मला वर काढायचा त्यो.”

रेवाला हसू आलं. वाटणी न झालेल्या खात्याचा घोळ. तिनं टिपणात ‘दोष क्रमांक एक’ असं लिहिलं आणि सहज म्हणाली, “अहो, मीच काढायची तुम्हाला.”

“न्हाई,” कोंडाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, बाजारात भाव सांगावा तसा आवाज. “तुझी चाल मला ठाव हाय. दोर सुटला तरी तुझं पाऊल हाय तसंच पडत जातं. त्याचं अडखळायचं.”

पहिल्या भागाच्या सवयीनं रेवा वाट बघत राहिली, की आता म्हातारी ‘झालं गेलं’ म्हणेल आणि उठेल. कोंडाबाई काही म्हणाली नाही. आपली औषधांची पिशवी उचलून ती दोन पायऱ्या लांब जाऊन बसली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण रेवाच्या मनात तोवर चोर नव्हताच. तिला खरोखर आठवत नव्हतं. पंधराव्या वर्षी कोण कशाला लक्षात ठेवतं, आपण चित्रातल्या म्हातारीला किती वेळा सोडलं ते? तिनं खेळ थांबवला आणि जुनी नोंद उघडली.

ढीग तर पडलेलेच होते, फक्त वेळा बघायच्या होत्या. अ ढिगातला प्रत्येक डाव संध्याकाळी सहा ते आठ. ब ढिगातला प्रत्येक डाव पहाटे साडेपाचला, जेमतेम दहा मिनिटांचा. रेवा जन्मात साडेपाचला उठली नव्हती. शिवराज उठायचा, कृष्णेवर पोहायला जायचा; त्याआधी तो खेळायला बसतो, हे तिला कधी कळलंच नव्हतं. दर वेळी तोच क्रम. संध्याकाळी अ चौथा घाट ओलांडून माल घेऊन पुढं जाणार. दुसऱ्या दिवशी पहाटे ब येणार, डाव मागं नेणार, चौथ्या घाटावर थांबणार, म्हातारीला ओढून काढणार, निम्मा माल घालवणार आणि डाव तिथंच जतन करून निघून जाणार. असं तेवीस वेळा.

नोंदीच्या शेवटी खेळाडूच्या तक्रारी जोडलेल्या होत्या. एकच तक्रार होती, १९ जून २०२८ची, पंधरा वर्षांच्या रेवाच्या ऐटबाज मराठीत. “महोदय, संध्याकाळी जमा केलेला माल सकाळी निम्मा होतो. हा आपल्या खेळातील गंभीर दोष आहे. त्वरित चौकशी व्हावी.”

हा दोष तिनं पुढं आपल्या लेखांत चार वेळा लिहिला होता. ‘पहिल्या सातघाटची एकमेव खोट’ म्हणून तो आता सगळीकडे प्रसिद्ध होता. रेवा खुर्चीत मागं रेलून बसली आणि तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुपारी ती कृष्णेच्या घाटाकडे निघाली. शिवराजचं इंजिनं दुरुस्त करायचं दुकान नदीच्या वाटेवरच होतं. दिवसभर पंपांची आणि बोटींची इंजिनं, आणि पावसाळ्यात पूर-पथकात बिनपगारी काम. सहा वर्षं तो पथकाच्या बोटीवर होता. यंदा प्रथमच नाव-प्रमुखाची कायम जागा निघाली होती आणि ती त्याला मिळणार, असं सगळे धरून चालले होते. दुकानात पथकाचा पन्नाशीचा जमादार बसला होता. तो उठता उठता म्हणाला, “शिवराजभाऊ, बुधवारपर्यंत ठसा द्या बरं का. त्याच्याशिवाय फाईल पुढं सरकत न्हाई.”

जमादार गेल्यावर रेवा म्हणाली, “पथकालाही ठसा लागतो?”

“लागतोय आता. त्याचं काय?”

“तुझं खातंच नाही. म्हणजे सोमवारी सही केल्यावर जो ढीग तुझ्या नावावर चढेल, तोच तुझा ठसा.”

शिवराज पान्ह्यानं एक बोल्ट आवळत राहिला.

“दादा, ब तू आहेस. मी वेळा बघितल्या.”

“बरं मग?”

“बरं मग काय? साथ सोडणारा म्हणून शिक्का बसला तर बोट कोण देईल तुला?”

“पुढच्या साली बघू.”

“पुढच्या साली तू बत्तीसचा होशील. वयाची अट एकतीस आहे. तुला माहीत होतं ना हे, भाकरी मोडताना?”

त्यानं पान्हा खाली ठेवला. “व्हय, ठाव होतं. तुझं लगीन ठरलंय. माझं काय, इंजिनं हायतच की. उगं सुतावरून स्वर्ग गाठू नकोस.”

“तेव्हा का नाही सांगितलंस? मी मूर्खासारखं कंपनीला पत्र लिहिलं.”

आता शिवराज हसला. “ते पत्र मीच टाकलं होतं पोस्टात. काय सांगणार? म्हातारी बुडतीया आणि तू पुढं चाललीयास, हे मागनं उभं राहून बघितलं होतं मी एकदा. मला झोप न्हाई आली. खेळ हाय, ठाव हाय, तरी न्हाई आली. म्हणून सकाळी जाऊन काढायचो. तुझ्यासाठी न्हवतं ते, उगं डोळं वलं करू नकोस.”

ती घरी आली. लेख लिहायला घेतला आणि एरवी अडणारी बोटं झरझर चालली. तिनं लिहिलं, “पहिल्या भागात क्षमा फुकट मिळत होती. दुसऱ्या भागात ती मिळेलच असं नाही, आणि म्हणून दुसरा भाग सरस आहे. पहिल्यात माल आपोआप कमी होतो, असं मी आजवर लिहीत आले. तो दोष नव्हता. वाचकांची माफी मागते.” हे लिहिणं सोपं होतं. सोमवारची सही अवघड होती.

कारण निहार तिला हवा होता. ती काही त्यागाची मूर्ती नव्हती. शनिवार-रविवार तिनं सगळ्या पळवाटा धुंडाळल्या. काकूंना ठसा न देता लग्न? त्या ऐकणार नाहीत. दोन्ही ढीग अनोळखी म्हणून सोडून द्यायचे? मग शिवराजला ठसाच नाही, आणि फाईल तशीच अडते. खोटी सही कुणालाही, कधीही कळली नसती. कळली असती ती फक्त शिवराजला, आणि तो मरेपर्यंत बोलला नसता. रविवारी संध्याकाळपर्यंत ती दहा वेळा सही करायला तयार झाली आणि दहा वेळा फिरली.

सोमवारी तिनं अ ढिगासमोर स्वतःचं नाव लिहिलं आणि कागद शिवराजपुढं सरकवला. तो सही करेना. “दुकानात इंजिन उघडं पडलंय, मी जातो,” म्हणाला. तेव्हा आईनं चष्मा लावून दोन्ही ढिगांच्या वेळा वाचल्या. मग मुलाला म्हणाली, “माझं उत्तर चुकलं होतं शिवा. सही कर.” आईपुढं त्याचं चाललं नाही.

मंगळवारी रेवा आणि आई जयसिंगपूरला गेल्या. पुष्पलताकाकूंनी पोहे केले होते, चहा केला होता. काकू वाईट बाई नव्हत्या. ठसा त्यांनी दोनदा वाचला, निहारकडे दिला आणि म्हणाल्या, “पंधरा वर्षांचं पोर ते. पण तेवीस वेळा म्हणजे... आणि जरासुद्धा थांबली नाही हो ही.”

“नाही थांबले,” रेवा म्हणाली. “वेळेआधी पोचायचं असायचं.”

“आता थांबशील, असं कशावरून?”

“ते मला सांगता येणार नाही काकू. तेव्हाचं कागदावर आहे.”

निहार कागद बघत होता. निघताना काकू दारापर्यंत आल्या, आईच्या हाताला हात लावला आणि म्हणाल्या, “कळवतो.” मुलगी दाखवायच्या जमान्यापासून आजवर सगळं बदललं, पण ‘कळवतो’चा अर्थ काही बदललेला नाही.

गुरुवारी निहारचाच फोन आला. आई नको म्हणतेय, असं त्यानं सांगितलं. तो खरंच कष्टी झाला होता.

“आणि तू?” रेवानं विचारलं.

तो थांबला. तीन सेकंद, चार सेकंद. “मला थोडा वेळ दे,” तो म्हणाला.

“घे,” ती म्हणाली. त्यानं नंतर फोन केला नाही, आणि तिनंही केला नाही. हा थांबणारा माणूस होता, पण थांबून राहणारा. तिला तो अजूनही आवडत होता, हेच वाईट होतं.

दुसऱ्या आठवड्यात शिवराजला जागा मिळाल्याचं पत्र आलं. ते सांगायला तो धावत घरी आला आणि आईच्या तोंडून त्याला एका दमात दुसरीही बातमी कळली. तो तसाच रेवाच्या खोलीत घुसला.

“मोडलं? आणि मला आज कळतंय?”

“पत्र यायचं होतं तुझं.”

“कुणी सांगितलं होतं तुला?” शिवराज ओरडलाच. हातातलं पत्र त्यानं पलंगावर आपटलं. “मी मागितली होती का बोट? सही करून टाकायची होतीस गप. तेवीस वेळा सोडलीस त्या म्हातारीला, पापणी लवली न्हाई तुझी. मग चोविसाव्या वेळेला काय झालं?”

रेवानं आठवडाभर रडू आवरलं होतं. आता ते आलं आणि तिनं येऊ दिलं.

“तेवीस वेळा कोंडाबाई होती, दादा,” ती म्हणाली. “या वेळी पाण्यात तू होतास.”

शिवराज पलंगाच्या कडेला तिच्याशेजारी बसला आणि आई जेवायला हाका मारत राहिली तरी बराच वेळ दोघंही उठली नाहीत.